स्वस्त घराचा हिशेब



वसंतातल्या या व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे अशी जुनी रीत आहे. माझे शिक्षण सातवीला थांबले. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून, सार्वजनिक वाचनालयातून आणि संपाच्या दिवसांत दारोदार वर्गणी गोळा करताना. आज मी अमेरिकेच्या दक्षिण भागातील लहान गावांविषयी बोलणार आहे. पण तो मुलूख मी डोळ्यांनी पाहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. जे सांगेन ते वाचलेले आहे. मात्र गिरणीच्या भोंग्यावर उठणारे आणि भोंग्यावर निजणारे गाव कसे असते, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्यामुळे कॅरोलिनातील गिरणगावांची हकीगत वाचताना मला आपल्याच कुणाची पत्रे वाचत आहोत असे वाटत राहिले.

या विषयाकडे मी वळलो तो एका प्रश्नामुळे. आमच्या कचेरीत एक वृद्ध गिरणी कामगार नेमाने येतात. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांचा मुलगा अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात, शार्लट शहरात नोकरीला आहे. शहरात घर परवडत नाही, म्हणून दूरच्या एका लहान गावात, अंगण आणि दोन झाडे असलेले घर घ्यावे असे त्याच्या मनात आहे. २०२० च्या साथीनंतर घरी बसून काम करण्याची सोय अनेकांना मिळाली आणि तिकडच्या पुष्कळ तरुण कुटुंबांनी असाच विचार केला. अण्णा मला म्हणाले, "तू एवढी पुस्तकं वाचतोस, तर सांग. पोरानं घर घ्यावं का नाही? इतकं स्वस्त कसं काय आहे ते?"

मी म्हणालो, "अण्णा, मला थोडे दिवस द्या." ते थोडे दिवस लांबले आणि त्याचे हे व्याख्यान झाले.

अण्णांच्या प्रश्नाचा उत्तरार्ध मला अधिक महत्त्वाचा वाटतो. इतके स्वस्त कसे? लाकूड, खिळे, कौले, गवंड्याची मजुरी यांच्या दरात शहर आणि गाव यांत फरक असतो; पण घराच्या किमतीत जेवढा पडतो तेवढा नसतो. घराच्या किमतीत त्या जागेवरून पोहोचता येईल अशा कामाचा भाव मिसळलेला असतो. जिथे रोज नवी माणसे कामासाठी येतात तिथे चार भिंतींना सोन्याचा भाव येतो. जिथून माणसे निघून जातात तिथे घरे मागे उरतात. गिरणी एका दिवसात बंद होऊ शकते, पण चांगले बांधलेले घर पन्नास, शंभर वर्षे उभे राहते. म्हणून काम गेलेल्या गावात घरे माणसांपेक्षा जास्त होतात आणि त्यांची किंमत नव्याने बांधण्याच्या खर्चाच्याही खाली जाते. तेव्हा स्वस्त घर दिसले की, या गावातून कोणते काम गेले आणि केव्हा गेले, हे पहिल्याने विचारावे.

दक्षिणेच्या बाबतीत याचे उत्तर शोधायला शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. १८८० नंतर कॅरोलिना, जॉर्जिया, अलाबामा या राज्यांत कापसाच्या गिरण्या भराभर उभ्या राहिल्या. डोंगरातले आणि शेतीवर कर्जबाजारी झालेले गोरे शेतकरी सहकुटुंब गिरणीत आले. त्यांना राहायला मालकांनी घरे बांधली. गिरणी मालकाची, घर मालकाचे, दुकान मालकाचे. पुष्कळ ठिकाणी चर्च आणि शाळा यांनाही मालकाचाच पैसा. भाडे फार थोडे असे. एका खोलीला आठवड्याला पंचवीस सेंट हा दर अनेक गावांत होता. पण त्या भाड्याला एक अट असे. घरात जितक्या खोल्या तितके हात गिरणीला द्यायचे. चार खोल्या हव्या असतील तर घरातली चार माणसे कामावर पाहिजेत. आणि त्या काळात चौथे माणूस म्हणजे बहुधा दहा-बारा वर्षांचे पोर.

आणि ही घरेही सर्वांना नव्हती. साउथ कॅरोलिनाने १९१५ साली कायदाच केला की, गिरणीत गोऱ्यांनी आणि काळ्यांनी एका खोलीत काम करावयाचे नाही. काळ्या कामगाराला अंगणातले, गोदामातले, गाठी वाहण्याचे काम. साच्यावर आणि मागावर जागा नाही. हे दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर. तोवर, १९१० ते १९७० या साठ वर्षांत, सुमारे साठ लाख काळी माणसे दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क अशा शहरांकडे गेली. त्यांना दक्षिणेतली घरे महाग होती म्हणून ती गेली नाहीत. तिथे घर स्वस्त होते, पण जिणे स्वस्त केलेले होते. आपल्या हिशेबाच्या वहीत हे पहिल्या पानावर असले पाहिजे.

आता १९२९ सालाकडे या. त्याच्या आदल्या वर्षी, १९२८ साली, आपल्या मुंबईत गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला होता. माणसे कमी करून उरलेल्यांनी जास्त माग सांभाळावेत, या धोरणाविरुद्ध तो संप होता. नॉर्थ कॅरोलिनात गॅस्टोनिया गावच्या लोरे गिरणीत नेमके हेच चालले होते. तिथे सुमारे साडेतीन हजार कामगार होते, ते बावीसशेवर आणले आणि काम मात्र तेवढेच ठेवले. १ एप्रिल १९२९ ला संप सुरू झाला. मुंबईचा कामगार आणि गॅस्टोनियाचा कामगार यांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. पण दोघांच्या पाठीवरचे ओझे एकाच मापाने मोजलेले होते.

संप सुरू झाल्यावर मालकांनी काय केले? मे महिन्यात त्यांनी संपवाल्यांची घरे रिकामी करवली. खाटा, चुली, पाळणे रस्त्यावर आले. माणसे तंबू ठोकून राहिली. त्या तंबूंच्या वस्तीवर जूनमध्ये पोलीस आले, गोळीबार झाला आणि पोलीसप्रमुख मारला गेला. सप्टेंबरच्या १४ तारखेला सभेला निघालेल्या कामगारांच्या गाडीवर हल्ला झाला आणि एला मे विगिन्स ही कामगार स्त्री गोळी लागून मेली. तिची नऊ मुले. त्यांतली चार आधीच गेलेली. मुले डांग्या खोकल्याने आजारी असताना तिने रात्रपाळी बदलून मागितली होती, ती मिळाली नव्हती. ती संपाची गाणी रचून गात असे. तिच्या खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही.

पाच वर्षांनी, १९३४ च्या सप्टेंबरात, देशभर कापड कामगारांचा संप झाला. सुमारे चार लाख माणसे बाहेर पडली. साउथ कॅरोलिनातील हनीया पाथ या लहान गावी ६ सप्टेंबरला गिरणीच्या दारात सात कामगार गोळीला बळी पडले. तीन आठवड्यांत संप मोडला. ज्यांनी पुढाकार घेतला होता त्यांची नावे काळ्या यादीत गेली, त्यांची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर घर गेले. त्यानंतर कित्येक घरांत मुलांना या संपाचा उल्लेखही ऐकायला मिळाला नाही. आईबाप बोलत नसत. भीती पिढ्यान्‌पिढ्या कशी टिकते हे पाहावयाचे असेल तर दक्षिणेतली ही गावे पाहावीत.

इथे मला माझ्या घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत साळखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात होते. तो संप आम्ही हरलो, हे आपण सारे जाणता. माझी शाळा त्याच साली सुटली. पण आमची दहा बाय बाराची खोली सुटली नाही. ती गिरणीची नव्हती, खासगी चाळीतली होती आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने तिचे भाडे बांधलेले होते. बरीच माणसे गावी जाऊन शेतावर राहिली, तीही या भरवशावर की खोलीला कुलूप आहे आणि किल्ली आपल्या कनवटीला आहे. गॅस्टोनियाचा संप काही आठवड्यांत मोडतो आणि मुंबईचा संप वर्षाहून अधिक काळ चालतो, याला कारणे पुष्कळ आहेत; त्यांतले एक कारण ही किल्ली आहे.

म्हणून घर किती स्वस्त, यानंतर दुसरा प्रश्न विचारावा तो हा : त्याची किल्ली कोणाकडे?

१९३५ च्या सुमारापासून पुढे वीस वर्षांत दक्षिणेतल्या बहुतेक गिरणीमालकांनी ही घरे कामगारांना विकून टाकली. दुरुस्तीचा खर्च नकोसा झाला होता, मोटारी आल्या होत्या, कामगार लांबून येऊ शकत होते. कामगाराला घर हप्त्याने मिळाले. ही चांगली गोष्ट झाली, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. स्वतःच्या मालकीच्या ओसरीवर बसण्याचे सुख काय असते, हे भाड्याच्या खोलीत जन्म काढलेल्याला विचारावे. पण एक गोष्ट तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही. कामगाराचा पगार गिरणीतून येत होता आणि त्याची सारी पुंजी आता घरात गुंतली होती. आणि त्या घराची किंमत पुन्हा गिरणीवरच अवलंबून होती. पगार आणि पुंजी एकाच खुंटीला बांधली गेली.

ही खुंटी उपटली म्हणजे काय होते, याचे उदाहरण म्हणून कॅनापोलिस गाव घ्या. शार्लटच्या ईशान्येला पंचवीस मैलांवर हे गाव आहे. कॅनन नावाच्या घराण्याने १९०६ च्या सुमारास जमीन घेऊन तिथे गिरणी काढली. टॉवेल आणि चादरी यांत या गिरणीचे नाव जगात गाजले. गाव इतके गिरणीचे होते की तिथे नगरपालिकाच नव्हती. पाणी, पोलीस, आगीचा बंब यांची व्यवस्था कंपनी पाही. १९८२ साली, म्हणजे आमच्या संपाच्याच वर्षी, घराण्याने गिरणी एका धनिकाला विकली. नव्या मालकाने कामगारांची घरे विकायला काढली आणि १९८४ च्या अखेरीस गावाला प्रथमच स्वतःची नगरपालिका मिळाली. पुढे गिरणी हातोहात फिरली. जुन्या कामगारांच्या निवृत्तिवेतनाची जबाबदारी एका विमा कंपनीकडे दिलेली होती. ती १९९१ साली बुडाली आणि म्हाताऱ्यांच्या हातात येणारी रक्कम कमी झाली. जून १९९९ मध्ये, पंचवीस वर्षांच्या खटपटीनंतर, कामगारांनी मतदानाने युनियन आणली. आणि ३० जुलै २००३ ला गिरणी बंद झाली. कॅनापोलिस आणि आसपास मिळून चार हजारांवर माणसे त्या दिवशी बेकार झाली. त्या राज्याच्या इतिहासात एका दिवसात इतकी माणसे त्यापूर्वी कामावरून गेली नव्हती. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास लोकांचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते. कारण त्या गावात गिरणी हीच शाळेपुढची पायरी होती.

ज्या दिवशी चार हजार माणसांचा पगार जातो त्या दिवशी त्यांच्या घरांना गिऱ्हाईक कोण? ज्याला गाव सोडून कामाच्या शोधात जावयाचे आहे त्याला घर विकावे लागणार. आणि विकणारे सारे, घेणारा कोणी नाही. स्वस्त घर आत येताना दार मोठे असते, बाहेर पडताना तेच दार लहान होते.

इथे कोणी म्हणेल, आणि तिकडे म्हणतातही, की युनियन आली आणि चार वर्षांत गिरणी बुडाली. मग दोष कोणाचा? हा प्रश्न टाळण्याचा नाही. कंपनीने दुसऱ्या कंपन्या विकत घेण्यासाठी मोठे कर्ज उभे केले होते आणि २००० सालीच ती एकदा दिवाळखोरीत गेली होती. बाहेरच्या देशांतून स्वस्त माल येत होता. आणि दक्षिणेत जिथे कधीच युनियन नव्हती अशा गिरण्याही त्याच वर्षांत रांगेने बंद पडल्या. युनियनने गिरणी बुडवली नाही. पण युनियन तिला वाचवूही शकली नाही, हे मला कबूल केले पाहिजे. कर्जाचा निर्णय जिथे होतो त्या खोलीत कामगाराला खुर्ची नव्हती.

आणि बाहेरचा स्वस्त माल म्हणजे कोणाचा? चीनचा, पाकिस्तानचा, आणि आपलाही. १ जानेवारी २००५ पासून कापडावरचा जुना कोटा जगभर उठला आणि वाट अधिक मोकळी झाली. आपल्या सोलापूरच्या यंत्रमागावरचा टॉवेल परदेशी जातो, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. पण सोलापूरच्या मागावरचा कामगार आणि कॅनापोलिसचा बेकार कामगार यांना एकमेकांचा शत्रू म्हणून उभे करणे मला मान्य नाही. दक्षिणेच्या गिरण्या एके काळी उत्तरेकडच्या मॅसॅच्युसेट्समधून आल्या, त्या स्वस्त मजुरी शोधतच आल्या होत्या. आणि त्याच शोधात त्या पुढे गेल्या. जो गाव आपली स्वस्ताई दाखवून काम बोलावतो, त्याने अधिक स्वस्त गावाची भीती कायमची पदरी बांधून घेतलेली असते.

मिसिसिपी राज्याने तर १९३६ साली याचे धोरणच केले. नगरपालिकांनी कर्जरोखे काढून कारखान्याची इमारत बांधावी आणि ती मालकाला द्यावी. पुढे साऱ्या दक्षिणेने ही वाट धरली. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टले कायद्याने राज्यांना मुभा दिली की, युनियनची वर्गणी नोकरीची अट करणारे करार त्यांनी बेकायदा ठरवावेत. दक्षिणेतल्या सर्व राज्यांनी तसे कायदे केले आहेत आणि त्यांना नाव दिले आहे 'कामाचा हक्क'. त्या कायद्याने कोणाला काम मिळत नाही. युनियनची तिजोरी मात्र रिकामी राहते. आज साऱ्या अमेरिकेत शंभरांतले सुमारे दहा कामगार युनियनचे सभासद आहेत. दोन्ही कॅरोलिनांत २०२४ साली ते प्रमाण तीनाच्याही खाली होते.

आता आजचा हिशेब मांडू. तिथला केंद्रीय किमान पगार ताशी सव्वासात डॉलर आहे आणि तो जुलै २००९ पासून तिथेच थांबलेला आहे. अलाबामा, लुइझियाना, मिसिसिपी, साउथ कॅरोलिना आणि टेनेसी या पाच राज्यांनी स्वतःचा किमान पगाराचा कायदाच केलेला नाही. आठवड्याला चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे, एकही खाडा न करता राबले तर वर्षाला पंधरा हजार ऐंशी डॉलर होतात. पुष्कळ मालक यापेक्षा जास्त देतात, हे खरे. पण जिथे एकच मोठा मालक असतो तिथे भाव तोच ठरवतो.

दुसरी रक्कम वाहतुकीची. लहान गावात बस बहुधा नसते. नवराबायको दोघे कामाला जात असतील तर दोन मोटारी लागतात. त्यांचे हप्ते, विमा, पेट्रोल, दुरुस्ती. घरभाड्यात वाचलेला पैसा चाकांखाली जातो, आणि मोटार बिघडली त्या आठवड्यात नोकरीही जाते.

तिसरी रक्कम दवाखान्याची. २०१० पासून अमेरिकेत ग्रामीण भागातली शंभरावर रुग्णालये बंद झाली किंवा त्यांनी रुग्ण दाखल करून घेणे थांबवले. त्यांत दक्षिणेचा वाटा मोठा आहे. गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याची व्याप्ती वाढवण्याची सोय कायद्याने होती. नॉर्थ कॅरोलिनाने ती १ डिसेंबर २०२३ ला स्वीकारली. मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, साउथ कॅरोलिना, टेनेसी यांनी २०२५ पर्यंत तरी स्वीकारलेली नाही. बाळंतीण बाई तासभर मोटारीत बसून रुग्णालयाला पोहोचणार असेल, तर तो तास घराच्या किमतीत कोणत्या रकान्यात लिहायचा?

चौथी रक्कम शाळेची आणि पाण्याची. तिथे शाळांचा बराच खर्च स्थानिक मालमत्ता करातून चालतो. घरे स्वस्त म्हणजे कर थोडा, कर थोडा म्हणजे शाळा अशक्त. अलाबामात तर १९०१ च्या राज्यघटनेनेच या कराला वेसण घातली. शेतमळ्यांच्या मालकांना काळ्या मुलांच्या शाळांसाठी पैसे द्यावयाचे नव्हते. त्याच राज्यातल्या लाउंड्स परगण्यात काळी चिकण माती पाणी जिरू देत नाही; शौचकूपांच्या टाक्या बिघडतात आणि कित्येक घरांचे मैलापाणी अंगणात साचते. २०२३ साली केंद्र सरकारने राज्याच्या आरोग्य खात्याशी सुधारणेचा करार केला. एप्रिल २०२५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातली ही गोष्ट आहे.

पाचवी गोष्ट खुद्द घराची. दक्षिणेत पुष्कळ गरीब कुटुंबे कारखान्यात बनवून ट्रकने आणून ठेवलेल्या घरांत राहतात. घर आपले, पण खालची जागा अनेकदा भाड्याची. कर्ज जमिनीवर नसल्यामुळे व्याज जास्त. जागेचा मालक बदलला आणि भाडे वाढले तर घर हलवण्याचा खर्चच झेपत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा तो जुना प्रश्न इथे नव्या वेषात येतो : किल्ली आपल्याकडे आहे, पण जमीन कोणाकडे?

एवढे ऐकून आपल्याला वाटेल की त्या गावांत राहणारी माणसे खुळी आहेत. तसे मुळीच नाही. मी वाचलेल्या आठवणींत जुने गिरणी कामगार आपल्या वस्तीचे वर्णन एका मोठ्या कुटुंबासारखे करतात. आजारपणात शेजारीण स्वयंपाक करून आणी, परसातला भाजीपाला वाटला जाई, संध्याकाळी ओसरीवर फिडल आणि बँजो वाजत. आजही जी माणसे तिथे राहतात ती म्हाताऱ्या आईसाठी राहतात, चर्चसाठी राहतात, आजोबांच्या थडग्यासाठी राहतात. १९७० नंतर तर काळ्या कुटुंबांचाही ओघ उलटा फिरला आणि उत्तरेतून दक्षिणेकडे परतणारे वाढले. या सुखांचा बाजारभाव निघत नाही, म्हणून ती खोटी ठरत नाहीत. ज्याने या सुखांसाठी कमी पगार पत्करला त्याला मी दोष देणार नाही. माझे म्हणणे इतकेच की, ती निवड त्याची असावी. दुसरी वाटच नव्हती म्हणून पत्करलेली नसावी.

आणि त्या गावांत हिंमत उरली नाही असेही नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या रोअनोक रॅपिड्स येथे १९७४ साली कापड कामगारांनी युनियनला मत दिले आणि सहा वर्षे झगडून १९८० साली करार मिळवला. त्यांच्या फुप्फुसांत कापसाची भुकटी बसलेली होती. तो आजार आमच्या ब्लोरूममधल्या माणसांना ठाऊक आहे. एप्रिल २०२४ मध्ये टेनेसीतील चॅटनूगा येथे मोटार कामगारांनी, सहा राज्यांच्या गव्हर्नरांनी विरोधी पत्रक काढले असतानाही, शंभरांत त्र्याहत्तर मतांनी युनियन आणली. पुढच्याच महिन्यात अलाबामात दुसऱ्या एका मोटार कारखान्यात ते मतदान हरले. जय आणि पराजय दोन्ही आहेत. पण नव्वद वर्षांचे मौन सुटले आहे.

आता अण्णांच्या प्रश्नाकडे येतो. मी त्यांना म्हणालो, "अण्णा, मुलाला चार गोष्टी विचारायला सांगा. पहिली, आजची नोकरी सुटली तर त्या घरातून रोज जाऊन-येऊन करता येईल अशी दुसरी किती कामे आहेत? दुसरी, रुग्णालय आणि शाळा किती लांब आहेत आणि त्यांचा खर्च कोण भागवतो? तिसरी, घर आणि खालची जमीन दोन्ही त्याची होणार का? आणि चौथी, गाव सोडायचे झाले तर ते घर विकले जाईल का? शार्लटच्या आवाक्यात असलेले गाव असेल तर उत्तरे बरी येतील, पण मग घर तेवढे स्वस्त राहणार नाही. कॅनापोलिसच आता शार्लटमुळे पुन्हा वाढते आहे, आणि लोरे गिरणीत तर भाड्याच्या सदनिका झाल्या आहेत. फार स्वस्त मिळाले तर समजा की या चारांपैकी एका प्रश्नाचे उत्तर 'नाही' आहे."

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि माझं रे?"

श्रोतेहो, अण्णांचा स्वतःचा अर्ज गिरणी कामगारांच्या घरासाठी पडून आहे. गिरण्यांच्या जमिनीतला एक हिस्सा घरांसाठी राखण्याचा नियम १९९१ साली झाला, २००१ साली तो मोकळ्या जमिनीपुरता आकुंचित झाला. अर्जदार लाखांवर आणि मुंबईत घरे थोडी. २०२४ साली शासनाने शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याची योजना पुढे आणली. कर्जत मार्गावर, बदलापूरच्या पलीकडे. मुंबईतच घर हवे म्हणून कामगार रस्त्यावर आले. बापाला वांगणी, लेकाला कॅरोलिना. प्रश्न मात्र एकच. ज्या शहराची कमाई आपण हातांनी उभी केली, त्या शहरापासून दोन तास लांबचे स्वस्त घर घ्यावे की नाही?

त्यांना मी 'घेऊ नका' असे म्हणू शकलो नाही. सत्तरीच्या माणसाला ताठ मानेने राहा आणि वाट पाहा, असे सांगण्याचा अधिकार मला कोणी दिला? मी एवढेच म्हणालो, "अण्णा, तेच चार प्रश्न. पण तुमच्या वेळी ते मुलाने एकट्याने विचारायचे नाहीत. आपण सर्वांनी मिळून विचारायचे. रुग्णालय कुठे, लोकल किती, नातवाला काम कुठे, हे लेखी मागायचे. एकेकट्याने विचारले तर ती तक्रार होते. सगळ्यांनी विचारले तर तो करार होतो."

माझ्या तीस वर्षांच्या कामात मला एवढे एकच समजले आहे आणि गॅस्टोनियाच्या तंबूंत राहिलेल्या माणसांनी ते माझ्या आधी ओळखले होते. घराची किंमत एकट्याला मोजता येते. पण त्या घरातल्या जिण्याची किंमत ठरवावयाची तर सारी वस्ती एकत्र बसावी लागते. अण्णांनी अर्जाचा कागद घडी करून पुन्हा खिशात ठेवला. येत्या रविवारी आमच्या कचेरीत या प्रश्नावर बैठक आहे. ज्यांचे अर्ज आहेत त्यांनी यावे, आणि ज्यांचे नाहीत त्यांनीही यावे.